चकतीवरची गोम

आमच्या घरात तलवार हाय हे पोलिसांना माहीत न्हवतं. गावाला माहीत होतं, आन् अमृतरावाला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. माझा सासरा मुंजाजी लढाईच्या टायमाला पलटणीत होता. बर्म्याच्या जंगलातून एका जपान्याची तलवार घेऊन आला. निजामाचं राज्य गेलं, रझाकार गेले, पोलिस ॲक्शन झाली, पण तलवार आमच्या छपराच्या आढ्यात निवांत पडून होती. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, म्यानासकट ती घ्यायच्या आन् छपरातली जळमटं काढायच्या. तिचा तेवढाच उपयोग होता.

त्या तलवारीनं आमच्या गावात पहिल्यांदा रक्त बघितलं ते एक्क्याण्णव साली, आन् ते बी माझ्या नवऱ्याचं.

आमचं गाव डोंगरकडा गावाहून आत, कॅनॉलच्या अंगाला. गावाचं गायरान निस्तं पडीक होतं, कुसळं आन् दगडं. आमच्या बौद्ध वस्तीनं ते फोडलं. दगडं वेचून वेचून माझी नखं गेली. चार एकर आमच्या वाट्याला आलं, त्यात ज्वारी उभी राहिली, आन् लागलं की मग बड्या लोकांच्या पोटात दुखायला. अमृतराव त्यांचा म्होरक्या. स्वतःची जमीन नजरंत मावत न्हाई, पण डोळा आमच्या चार एकरावर. ज्वारी दाण्यात आली त्या सकाळी त्यानं गावाची सगळी जनावरं आमच्या पिकात घातली.

रायभान, माझा नवरा, भाकर खाऊन राहिला होता. ताटावरून उठला आन् आढ्यातली तलवार ओढली. मी म्हणलं, "आवो, काय करून राहिलात?" तर म्हणला, "निस्ती दाखवतो. तलवार बघितली की पळत्यात लोकं." पळत्यात! तिकडं कुऱ्हाडी घेऊन उभे होते लोकं.

मी त्याच्या मागं पळाले. ज्वारीची पानं तोंडाला कापत होती. पहिला गडी खरंच पळाला, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्यानं मागून येऊन पाठीत कुऱ्हाड घातली. रायभान तसाच वळला आन् त्यानं तलवार फिरवली, त्या गड्याचा कान खांद्यावर लोंबायला लागला. मग सगळेच तुटून पडले. मी पोचले तवर माझ्या नवऱ्याचं डोकं ढेकूळ फोडावं तसं फोडलेलं होतं. एक डोळा उघडा होता. जनावरं तशीच चरत होती. एका गाईच्या तोंडातल्या कणसावर रक्त होतं, ती ते तसंच चावत होती. अमृतराव बांधावर उभा राहून मला म्हणला, "ने आता त्याला, कोणीच आडवणार न्हाई."

रायभानची मूठ तलवारीवरून सुटंना. एकेक बोट मी मागं वाकवून सोडवलं. तलवार लुगड्यात गुंडाळली, घरी आणली, ज्वारीच्या कणगीत खुपसली. पोलिस आले, कुऱ्हाडी घेऊन गेले, पंचनामा झाला. पुढं केस उभी राहिली तर साक्षीदार एकेक करून फिरले. ज्यांनी बघितलं होतं ते म्हणले आमी बाजाराला गेलो होतो. सगळे सुटले. गावात पेढे वाटले त्यांनी, आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन वाटले.

त्या केसच्या आधीच, रायभानच्या मयतीनंतरचा जलदानाचा विधी झाल्यावर, मी तलवार कणगीतून काढली. रक्त वाळून काळं झालं होतं. चिंच आन् राख घेऊन बसले घासायला. तलवारीला मुठीच्या आन् पात्याच्या मधी एक लोखंडाची गोल चकती असती, आपला हात पात्यावर घसरू नये आन् समोरच्याचं पातं आपल्या बोटावर येऊ नये म्हणून. ती आजवर निस्ती काळी दिसायची. घासता घासता तिच्यातून पिवळे पाय निघायला लागले. बारीक बारीक, ओळीनं. मग अंग निघालं, मग दोन मिशा. चकतीच्या मुठीकडच्या बाजूला गोल वळसा घालून एक गोम बसली होती. मी हातातली चिंच टाकून दिली. घडवणाऱ्या मेल्यानं इतकी जिवंत काढली होती की मला वाटलं आता चढती हातावर.

त्याच टायमाला ग्यानबा भेटायला आला. ग्यानबा म्हंजे गावातला कुणबी, थोड्या रानाचा, पण बैल पारखण्यात त्याचं नाव पार हिंगोलीच्या बाजारापर्यंत. त्यानं बैलाच्या अंगावर हात फिरवला आन् मुंडी हलवली की सौदा मोडलाच समजा. रायभानचा दोस्त होता. कोर्टात तेवढा एक फिरला न्हाई, पण त्याला कोणी बोलवलंच न्हवतं. तो ओट्यावर बसला, चकतीकडं बघितलं आन् हातातला चहा खाली ठेवला.

"जनकाबाई," म्हणला, "हिचं तोंड बघ कुणीकडं हाय."

"कुणीकडं म्हंजे?"

"बैलाच्या अंगावर केसांचा लांबट भांग असतो, त्याला आमी गोम म्हणतो. गोमेचं तोंड धन्याकडं असलं तर तो बैल धनीखाऊ. तसा बैल दावणीला बांधला की घरातला माणूस जातो. आन् ही बघ. जो तलवार धरील त्याच्याच अंगठ्याकडं तोंड करून बसली. रायभानला हिनं खाल्लं."

मला राग आला. नवऱ्याला माणसांनी मारलं, डोळ्यांदेखत, आन् हा म्हणतो गोमेनं खाल्लं! मी म्हणले, "ग्यानबा भाऊ, कुऱ्हाडी काय गोमेच्या हातात होत्या का?" पण मुंजाजीमामा मधी बोलले. ते भिंतीला टेकून बसले होते, पोरगा गेल्यापासून शब्द काढला न्हवता.

"मी आणली ना ती? मला काहून न्हाई खाल्लं?" मामा म्हणले.

"तुमी धनी न्हवते," ग्यानबा म्हणला. "जो धनी होता त्याचं काय झालं ते सांगा."

मग मामांनी जे सांगितलं ते मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं न्हवतं. जपानी पळून राहिले होते, पाऊस लागलेला, यांची पलटण मागावर. एका नाल्यात जपान्यांचा एक साहेब पडलेला होता. गोळी लागलेली न्हवती. भुकेनं आन् हगवणीनं गेलेला. जिवंत असतानाच त्याच्या पायाला अळ्या पडल्या असतील, म्हणले, कारण पायाचं हाड उघडं पडलं होतं. त्याची माणसं त्याला सोडून पुढं निघून गेली होती. त्यानं तलवार उराशी धरलेली. मामानं त्याच्या छातीवर बूट ठेवून ती ओढली.

"म्हंजे त्याला बी," ग्यानबा म्हणला.

मामा उठले. त्यांनी मुठीतली बांबूची खुंटी ठोकून बाहेर काढली, मूठ उपसली, चकती काढली, उलटी करून परत घातली आन् खुंटी ठोकली. आता गोमेचं तोंड पात्याकडं झालं, समोर जो उभा राहील त्याच्याकडं. "बैलाची गोम फिरवता येत न्हाई, हिची येती," म्हणले. ग्यानबा म्हणला, "असं कवा कोणी केलेलं मी ऐकलं न्हाई." पण त्यानं बी होकाराची मान डोलवली. बैल पसंत पडला की डोलवतो तशी.

हे सगळं माझा सुरज दारात उभा राहून बघत होता. चौदा वर्साचं पोरगं. बापाच्या मयतीला एक टिपूस काढलं न्हवतं त्यानं. त्यानं तलवार हातात घेतली, चकती डोळ्यांपाशी नेली आन् म्हणला, "आता ही अमृतरावाकडं बघती." त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. नवरा गेला तो गेला, पण हे लेकरू मला राहायला पायजे होतं. मला दुसरं काहीच नको होतं. न्याय नको, गायरान नको, ज्वारीचं एक कणीस नको.

पण पोरगं ऐकंल तर ना. शाळेत अमृतरावाच्या पुतण्याचे पुढचे दात पाडले. सोळाव्या वर्सी अमृतरावाच्या गड्यांनी त्याला पारापाशी धरला, सदरा काढला आन् बैलाच्या आसुडानं फोडला. सगळं गाव बघत होतं, बाया सुद्धा. घरी आला तवा पाठीवर चामडी न्हवती. मी हळद भरली तर "आई गं" म्हणला न्हाई. म्हणला, "आज्ज्या, ती तिकडंच बघती ना अजून?"

तवा मी मामावर तोंड सोडलं. सासरा असला म्हणून काय झालं. "मामा, तुमी चकती फिरवली आन् माझ्या लेकराचं टाळकं फिरलं. एका खुळ्या ग्यानबाच्या बोलण्यावर लष्करातला माणूस असं करतो व्हय?" पण मामांनी चकती काही परत फिरवली न्हाई.

फिरवली ती प्रेमानंदनं. माझा धाकटा दीर, हिंगोलीला टेलिफोन ऑफिसात. शिकलेला, सभांमधी भाषणं करणारा. त्याला हे धनीखाऊ-बिनीखाऊ ऐकून झिणझिण्या यायच्या. "वहिनी, बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं आन् तुमी लोखंडाच्या किड्याला भिऊन राहिलात?" मी म्हणायचे, "मी न्हाई भीत, बाबा. मी माझ्या पोराला भिते."

अठ्ठ्याण्णव साली उन्हाळ्यात हिंगोलीला एका कार्यक्रमाला एक जपानी भंतेजी आले. प्रेमानंदनं आधी गावाकडं येऊन चकतीवर कागद ठेवला, कोळसा घासला, आन् गोमेचा छाप काढून नेला. परत आला तो एसटीतून उतरला तवाच हसत होता. आमाला सगळ्यांना ओट्यावर बसवलं. मी, मामा, सुरज.

"ऐका आता खरा अर्थ," म्हणला. "भंतेजींनी कागद बघितला आन् वळखलाच. जपानात लढवय्ये लोक गोम काढायचे, तलवारीवर, झेंड्यावर, शिरस्त्राणावर. काहून? तर गोम कवाच मागं चालत न्हाई. पुढंच जाती. मागं न हटणाऱ्याची ती खूण. धनीखाऊ कसली, शूर माणसाची निशाणी हाय ती! आन् दुसरी गोष्ट. चकतीची सुलटी बाजू मुठीकडंच असती, धरणाऱ्याला दिसावी म्हणून. दादा मेला तवा ती बराबर बसलेली होती. तुमी उलटी केली."

असं म्हणून त्यानं खुंटी ठोकून काढली आन् चकती परत सुलटी केली. गोमेचं तोंड पुन्हा अंगठ्याकडं आलं. त्याला वाटलं, झालं, घरातला अंधार गेला.

मामांनी इचारलं, "अजून काय म्हणले भंतेजी?"

"म्हणले, असल्या तलवारी त्यांच्या गावोगावच्या घरातून गेल्या आन् धरणारे परत आले न्हाईत. त्यांचा चुलता बी. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यात पाणी आलं."

"मग ते आधी सांगायचं," मामा म्हणले.

"पण आज्ज्या, मागं हटत न्हाई ती!" सुरज म्हणला. त्याच्या कानात तेवढंच गेलं होतं. पोरगं असं उजळून निघालं होतं की बघवंना. इतकी वर्सं गोम अमृतरावाकडं बघती म्हणून जळत होता, आता ती त्याच्याकडं बघून त्याला हुकूम सोडून राहिली होती. औंढ्याच्या जत्रेत जाऊन मशिनवाल्याकडून दंडावर गोम गोंदून आला. हिरवीगार, मनगटाकडं तोंड केलेली. मी प्रेमानंदला म्हणले, "ग्यानबा अडाणी होता, त्यानं एक केलं. तू शिकलेला, तू त्याच्याहून वाईट केलं." तो म्हणला, "वहिनी, मी निस्तं खरं सांगितलं." खरं सांगितलं! कुणाला सांगायचं ते बघायचं असतं का न्हाई?

त्याच वर्सी सुरजनं वस्तीतल्या पोरांना गोळा केलं आन् तहसीलीत गायरान नावावर करा म्हणून अर्ज दिला. अर्ज मंजूर व्हायची चिन्हं दिसायला लागली. तिकडं ज्वारी दाण्यात आली होती. एका सकाळी ग्यानबा धापा टाकत आला. म्हातारा झाला होता, ओट्याला धरून उभा राहिला.

"जनकाबाई, अमृतरावानं ट्रॅक्टर भरून माणसं आणलीत, बाहेरची. या बारीला पीक न्हाई पायजे त्याला. पोरगं पायजे. मी माझ्या कानानं ऐकलं. सुरजला काढ इथून, आत्ताच्या आत्ता."

वस्तीचं एका तोंडानं ठरलं. दोघं फटफटीवर पोलिस चौकीला गेले. बायामाणसांनी लेकरं घेऊन कॅनॉलच्या पुलाकडं निघायचं, गड्यांनी बी निघायचं, पीक गेलं तर जाऊ द्यायचं. चूल जळत ठेवून बाया पळाल्या. मी घरात आले तर सुरज तलवार घेऊन उभा. म्यान खाली पडलेलं.

"चल," मी म्हणले.

"तू हो पुढं, माय. मी न्हाई येत."

"ग्यानबा काय म्हणला ऐकलंस ना? तुझ्यासाठी आलेत ते. एकटा काय करशील?"

"बाप एकटाच होता."

"आन् तुझ्या बापाचं डोकं मी पदरात गोळा केलं! तुझं कशात करू, सांग ना! बोल!"

"मी मागं हटणार न्हाई," म्हणला. शांत. असा शांत की मला भ्या वाटलं. बाहेर ट्रॅक्टरचा आवाज येऊन राहिला होता. शिव्या ऐकू यायला लागल्या. त्याचं नाव घेऊन, माझं नाव घेऊन, रायभानचं नाव घेऊन. सुरजनं मूठ घट्ट धरली. मी त्याच्या पायावर पडले. आईनं पोराचे पाय धरले, बघा. त्यानं मला हळूच बाजूला केलं, म्हणला, "उठ माय, बरं न्हाई दिसत." आन् दाराकडं तोंड केलं.

मी त्या वेळी काही इचार केला न्हाई. लोकं म्हणत्यात की डोकं सुन्न झालं असंल. सुन्न-बिन्न काही न्हवतं. मला येवढं दिसत होतं की जो मागं हटत न्हाई त्याला पुढं जायला बी पाय लागतो. कोपऱ्यात मुसळ होतं, खाली लोखंडाची वसवी, म्हंजे कडं, बसवलेलं. दोन्ही हातांनी उचललं आन् मागून त्याच्या गुडघ्यावर घातलं.

ओल्या फांदीचा आवाज येतो तसा आवाज आला. सुरज खाली बसला, बसता बसता वळला, आन् त्याचा हात गेलाच. त्यानं मला बघितलं न्हवतं. त्याला वाटलं ते लोक मागून आले. पातं माझ्या डाव्या हातावर आलं. ही दोन बोटं तवाची न्हाईत, ही बघा. भिंतीवर रक्ताची रेघ उठली. मग त्यानं बघितलं की मायच हाय. त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तो उठाया लागला, सरपटाया लागला, दाराकडं, माझ्याकडं न्हाई. मी म्हणले, अजून जातो व्हय रे? आन् अजून एक घातला, त्याच गुडघ्यावर, वरून. मग तो किंचाळला. बापाच्या मयतीला न्हाई, आसुडाखाली न्हाई, तवा किंचाळला. तलवार हातातून सुटली. मी त्याच्या छातीवर आडवी पडले आन् त्याच्या तोंडावर हात दाबला, तोच तुटका हात. माझं रक्त त्याच्या तोंडात गेलं. तो मला चावून राहिला होता.

मामा कवा आत आले मला कळलं न्हाई. मला वाटलं होतं ते बायांबरोबर गेले. सत्तरी पार केलेला माणूस, पायात वाताचं दुखणं. त्यांनी आमच्याकडं बघितलं. पोराच्या वाकड्या झालेल्या पायाकडं बघितलं. मुसळाकडं बघितलं. बाहेरचे लोक गल्लीच्या तोंडाशी आले होते. घरं उघडून बघून राहिले होते, एकेक.

"पोरगं धर," मामा म्हणले.

वाकले, तलवार उचलली. चकतीकडं त्यांनी बघितलं सुद्धा न्हाई. आमच्या अंगावरून पाय टाकून मागच्या न्हाणीतून बाहेर पडले. मी त्यांच्याकडं बघत होते, त्यांनी बी मागं वळून बघितलं. मुसळ माझ्या हाताशीच पडलेलं होतं.

पुढचं मी बघितलं न्हाई, ऐकलं. मामा कॅनॉलच्या अंगानं वळसा घेऊन ज्वारीत गेले आन् पार पलीकडच्या बांधावरून पलटणीतल्या आवाजात वरडले. "आगे आओ! कौन है मर्द, आगे आओ!" येवढा मोठा आवाज त्यांचा हाय हे मला माहीतच न्हवतं. गल्लीतले लोक आमच्या दाराशी आलेले होते, शेजारच्या घराची कडी वाजलेली मी ऐकली. ते थांबले. कोणी तरी हसला, "म्हातारं आलं रे तलवार घेऊन!" मग सगळे तिकडं पळाले. अमृतराव सुद्धा. सुरज माझ्या खाली धडपडत होता, मला वर करून टाकायला बघत होता, पण मोडका पाय रेटंना. "आज्ज्या!" म्हणून राहिला होता माझ्या हाताखालून. मी हात काढला न्हाई.

हसणं आलं. मग एक किंकाळी आली, ती मामाची न्हवती. मग कुऱ्हाडींचा आवाज. तो मला वळखीचा होता. लई वेळ आला. माणूस मेल्यावर बी आला.

पोलिसांची जीप आली तवा ते अजून ज्वारीतच होते. पळता आलं न्हाई त्यांना, कारण अमृतरावाचा उजवा हात कोपराच्या खाली चामडीला लोंबत होता आन् तो तिथंच लोळत होता. मामाचं काय उरलं होतं ते मी सांगत न्हाई. सुरजला बाजेवर घालून नेताना त्या बांधावरून नेला. मी म्हणले डोळे झाक. त्यानं झाकले न्हाईत.

या बारीला साक्षीदार फिरले न्हाईत. ग्यानबा स्वतः पिंजऱ्यात उभा राहिला आन् त्यानं अमृतरावाकडं बोट केलं. अमृतरावाच्या भावकीनं ग्यानबाचा बैलाचा गोठा जाळला, तरी उभा राहिला. पाच जणांना जन्मठेप लागली, थोट्या अमृतरावासकट. तलवार सरकारजमा झाली. कोर्टात वकिलानं चकतीवरच्या किड्याचं काय म्हणून इचारलं तर प्रेमानंद अर्थ सांगायला उठला. जज्ज म्हणले, खाली बसा. तवापासून त्यानं कुठल्याच गोष्टीचा अर्थ सांगितलेला मी ऐकला न्हाई.

सुरजच्या गुडघ्यात नांदेडला स्टीलची पट्टी घातली. तो पाय वाकत न्हाई. दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं, कुणी मारलं? मी म्हणले, मी. पोलिसांना बी तेच सांगितलं. सुरज तोंड फिरवून पडला होता. त्यानंतर तो माझ्याशी बोलला न्हाई. एका घरात राहून, एका चुलीवरचं खाऊन, वर्सानुवर्स. लग्न झालं, दीक्षा सून म्हणून घरात आली, तिला एक पोरगी झाली. गायरान नावावर झालं, सातबारा हातात आला, तो त्यानं प्रेमानंदला दाखवला, दीक्षाला दाखवला, मला न्हाई. काय सांगायचं असलं तर दीक्षाला सांगायचा, "तिला म्हणावं." मी म्हणायचे, असू दे. म्हणू दे. लंगडत का होईना, दारातून आत येतो ना रोज.

परवा जेवायला बसला होता. पाय समोर लांब सोडून, तसाच बसतो तो. दीक्षा पोरीला घेऊन बाहेर गेली होती, म्हणून मी वाढत होते. घास तोंडाशी नेला आन् थांबला. माझ्याकडं न बघता म्हणला, "आज्ज्याला काहून जाऊ दिलंस? मुसळ होतं तुझ्या हाताशी."

इतक्या वर्सांनी पहिला शब्द काढला तो हा. माझ्या हातातली भाकर तव्यावर पडली.

मी म्हणले, "होतं. मामाला बी पाडलं असतं मी, म्हातारा माणूस, कितीक जोर लागला असता. पण मग ते लोक घरात आले असते. कोणी तरी एकानं बाहेर जायला पायजेच होतं, सुरज. मी मामाला दिलं आन् तुला ठेवलं. त्यांना बी ते कळलं होतं, वळून बघितलं तवा. आन् परत तशी वेळ आली तर मी परत देईन. तुला राग येवो, न्हाई तर माझं तोंड बघू नको जन्मभर."

त्याचा घास हातात तसाच होता. मी चुलीकडं तोंड केलं, कारण माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं आन् मला ते त्याला दाखवायचं न्हवतं. मग मागून ताट सरकल्याचा आवाज आला.

"भाकर दे," म्हणला. "करपून राहिली ती."

मी वाढली.